चौदा नंबरच्या मोहरीला वास नव्हता

‘या मोहरीला बांगड्याचा वास येतो’ असं वाक्य मी नोंदवहीत स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे. खाली तारीख आहे, सही आहे, आणि लिहिताना मी पूर्ण शुद्धीवर होतो. रत्नागिरीजवळच्या एका वनस्पती संशोधन केंद्रात मी तेहतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. संपादकांनी फोन करून ‘नोकरीतलं काहीतरी लिहा’ म्हटलं, तेव्हा बायको म्हणाली, “तुम्ही काय लिहिणार? तेहतीस वर्षं दाणे मोजलेत.” खोटं नाही. पण दाणे मोजणाऱ्यालाही घाम फुटायची वेळ येते, आणि माझ्यावर ती निवृत्तीला सात महिने उरलेले असताना आली.

मी मनोहर शिवलकर. शास्त्रज्ञ नव्हे. शास्त्रज्ञ येतात, तीन-चार वर्षं राहतात, पावसाला कंटाळून बदली मागतात. आम्ही सहायक आपले तिथंच. माझा सगळा मान माझ्या नोंदवहीत होता. तेहतीस वर्षांत एक खाडाखोड नाही. आकड्याची शंका असली की आधी रद्दी कागदावर लिहून बघायचो, मग वहीत. केंद्रात नवीन माणूस आला की त्याला मी वही दाखवायचो, आणि तो ‘वा’ म्हणाला नाही तर माझ्या मनातून उतरायचा. एवढा तोरा बरा नव्हे हे मला फार उशिरा कळलं.

शेवटची सहा वर्षं मी डॉ. रेवती लांजेवार यांच्या हाताखाली काढली. मॅडम भंडाऱ्याच्या, वय पस्तिशीचं, घर कट्टर शाकाहारी, आणि रत्नागिरीला आल्या त्या माशाचं तेल बनवायला. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “मॅडम, तुमच्यात मासे खात नाहीत, मग हा उद्योग कशाला?” त्या म्हणाल्या, “म्हणूनच. आईला हृदयाचा त्रास. डॉक्टरांनी माशाच्या तेलाच्या गोळ्या लिहून दिल्या. आईनं त्या देवासमोर ठेवल्या, देवाची माफी मागितली आणि फेकून दिल्या.”

आता धंदा काय तो सांगतो. माशाचं जे तेल हृदयाला चांगलं म्हणतात, ते मासा स्वतः जवळजवळ बनवतच नाही. ते बनवतं समुद्रातलं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. ते शेवाळ बारीक जीव खातात, त्या जीवांना मासा खातो, आणि नाव माशाचं होतं. गोळ्या आणि कोळंबीचं खाद्य यांसाठी दर्यातली बारकी मासळी उपसतात ती या तेलापायी. मॅडमचं म्हणणं असं, की शेवाळाला जे जमतं ते मोहरीला शिकवावं. मोहरी बियांत तेल बनवतेच. कार्बनचे अठरा मणी ओवून तिची माळ पुरी होते. शेवाळ ती वीस-बावीस मण्यांपर्यंत नेतं आणि मधे चार जादा गाठी मारतं. त्या पुढच्या कामाची सहा-सात जनुकं शेवाळातून आणून मोहरीत बसवायची, म्हणजे शेतात उगवलेलं माशाचं तेल, मासा न मारता.

गोम अशी, की हे तेल भारी नाजूक. हवा लागली की खवटतं, आणि खवटलं की त्याला मासळीचा वास मारतो. म्हणजे तेल बनवणं हे अर्धं काम आणि ते टिकवणं उरलेलं अर्धं. म्हणून काही रोपांत मॅडमनी ई जीवनसत्त्व जास्त बनवण्याचीही सोय केली होती. ते तेलाला हवेपासून राखतं.

माझं काम म्हणजे मोहरीचा दाणा भिंगाखाली धरून त्याचा तुकडा कापायचा. तुकडा यंत्राला, उरलेला कोंब मातीला. यंत्र सांगणार या दाण्यात काय तेल आहे, आणि चांगलं असेल तर तोच कोंब वाढवायचा. मोहरीचा दाणा कापून बघा एकदा, म्हणजे माझ्या चष्म्याचा नंबर का वाढला ते कळेल. मग रोपं जाळीच्या बंद घरात, फुलांना कागदी पिशव्या, आणि प्रत्येक दाणा मोजून कुलपात. जनुक बदललेलं बी बाहेर जाता कामा नये असा सक्त नियम आहे आणि तो योग्यच आहे. नको असलेलं बी मोठ्या वाफेच्या भांड्यात शिजवून मारायचं. त्या भांड्याला आम्ही कुकर म्हणायचो.

बातमी गावात फुटली तशी माणसं यायला लागली. एक निवृत्त बँकवाले आले. त्यांनी विचारलं, “या मोहरीची फोडणी दिली तर वरण शाकाहारी राहतं का?” मी म्हटलं, “राहतं.” ते म्हणाले, “मग संकष्टीला चालेल?” हे मात्र माझ्या अखत्यारीत नव्हतं. एक आंबेवाले बागायतदार येऊन बसले. त्यांना काळजी, की वाऱ्यानं त्यांच्या हापूसला माशाची लागण होईल. मोहरी आणि आंबा यांची सोयरीक होत नाही हे त्यांना अर्धा तास समजावलं. जाताना म्हणाले, “बघा हां शिवलकर, तुमच्या शब्दावर जातोय.” सगळ्यात पहिला आणि खरा पारखी मात्र मांजर होता. जाळीच्या घराबाहेर एक बोका येऊन बसायचा. मोहरीच्या शेताची राखण करणारा बोका मी जन्मात दुसरा पाहिला नाही.

सहाव्या वर्षी आमच्याकडे सात वाण उरले होते. आम्ही त्यांना नंबरानं ओळखायचो. दिल्लीच्या समितीचं पत्र आलं, की पुढच्या हंगामात एकच वाण लावायची परवानगी मिळेल. एक निवडा, बाकीचे नष्ट करा, आणि नष्ट केल्याचा दाखला गणपतीच्या सुट्टीआधी पाठवा. तेलाच्या मोजमापात आठ नंबर आणि चौदा नंबर अगदी बरोबरीचे होते. आता प्रश्न वासाचा उरला. खवटपणा मोजायची रासायनिक चाचणी असते, पण तिला तेल जास्त लागतं आणि आमचा सगळा कारभार चमच्यातला. तेव्हा मॅडमनी ठरवलं, की माणसांची नाकं वापरायची. आठ दिवस उघड्या ठेवलेल्या तेलाच्या बाटल्या बारा जणांना हुंगायला द्यायच्या. चाखायचं नाही, फक्त हुंगायचं.

त्यांचं स्वतःचं नाक कामाचं नव्हतं. रत्नागिरीच्या दमट हवेत ते जूनला बंद व्हायचं ते ऑक्टोबरात उघडायचं. शिवाय कुठली बाटली कुणाची ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या खोलीतही येणार नव्हत्या. “तुम्ही घ्या हे सगळं, शिवलकर,” त्या म्हणाल्या. मी फॉर्म तयार केला. पुण्याला अशा चाचण्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो, त्यामुळे अंगात वारं शिरलेलं. फॉर्मवर एकच प्रश्न, ‘वास किती आवडला? शून्य ते दहा.’ मॅडमनी बघून मान डोलावली. तेलाला माशाचा वास येणं कुणाला आवडेल, हा विचारच त्यांच्या मनाला शिवला नाही. भंडाऱ्याच्या त्या घरात तो कुणाच्याच मनाला शिवला नसता.

चाचणी ठेवली श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात.

रत्नागिरीकर वाचकाच्या लक्षात आलंच असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं वर्षभर ज्याचं पान माशाशिवाय हलत नाही तो माणूसही श्रावणात मासे सोडतो. पहिला आठवडा भक्तीत जातो. दुसऱ्या आठवड्यात माणूस चिडचिडा होतो. तिसऱ्या आठवड्यात त्याला स्वप्नं पडतात. नेमके असे अकरा कर्मचारी मी ओळीनं बसवले आणि त्यांच्या नाकाखाली बाटल्या धरल्या.

बारावं नाक कमी पडत होतं. ते मिळालं फाटकावर. हमीदाचाची, मिरकरवाडा बंदरावरची. चाळीस वर्षं मासे विकतेय. मंगळवारी आमच्या फाटकावर टोपली घेऊन यायची. श्रावणात गिऱ्हाईक नाही, म्हणून नुसतीच उंबरठ्यावर बसून आम्हाला शिव्या देत होती, “मेल्यांनो, तुमच्या पुण्यापायी माझे पापलेट वाया.” तिला श्रावण नव्हता. सकाळी तळलेला सौंदाळा खाऊन आली होती. मी म्हटलं, “चाची, आत चल, नुसतं हुंगायचंय.”

आठ नंबरची बाटली फिरली आणि खोलीत जे झालं ते मी विसरणार नाही. लेखापालांनी डोळे मिटले ते उघडेनात. म्हणाले, “आई गेल्यापासून असं बांगड्याचं तिखलं घरात झालं नाही हो.” रखवालदारानं बाटली पुढं द्यायला नकार दिला. टायपिस्ट बाईंनी हळूच विचारलं, “नुसता भात मागवता येईल का?” एकानं बोट बुडवायचा प्रयत्न केला, त्याचा हात मी हवेतच धरला. नऊ, दहा, दहा, नऊ, दहा. एकानं अकरा लिहिले. मग चौदा नंबरची बाटली आली. सगळ्यांचे चेहरे पडले. “हे काय, पाणी?” “आजाऱ्याला द्यायचं दिसतंय.” शून्य, एक, शून्य. खरं सांगतो, मीही दोन्ही बाटल्या हुंगल्या होत्या आणि माझा कौलही आठकडेच होता. मीही श्रावणातलाच की! ‘या मोहरीला बांगड्याचा वास येतो’ हे वाक्य वहीत गेलं ते तेव्हाच, कौतुकानं.

फक्त हमीदाचाची वाकडी गेली. तिला लिहिता येत नाही, म्हणून ती बोलली आणि मी लिहिलं. आठ नंबर नाकाशी नेऊन तिनं तोंड फिरवलं. “ईईई! शिळं हाय हे. तीन दिसांचा बांगडा, त्याला बर्फसुदीक नाय लागला. फेक ते.” आणि चौदा नंबर हुंगून म्हणाली, “हे बरं हाय. ह्यात काय घाण नाय.” मी आठला शून्य लिहिलं, चौदाला सात. बाकीच्या अकरांनी तिच्याकडं असं बघितलं, की हिला माशातलं काय कळतंय! आणि मी, पुण्याहून शिकून आलेला मी, तिच्या फॉर्मवर लाल पेनानं लिहिलं, ‘मत इतरांशी जुळत नाही. वगळावे.’

चाळीस वर्षं रोज मासा हुंगणाऱ्या बाईचं मत वगळून मी तीन आठवडे मासा न पाहिलेल्या अकरा जणांची बेरीज केली. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मॅडमना मी नुसते आकडे दिले. आठ नंबर पहिला, चौदा नंबर पार मागे. त्यांना वाटलं, आठला वास नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. लगेच आईला फोन लावला, “आई, तुझं तेल होणार गं.” मी मनात म्हटलं, चला, आपल्या हातून चांगलं काम झालं.

आता दाखला. नष्ट केल्याच्या कागदावर दोन सह्या लागतात, एक माझी आणि एक कुकर चालवणाऱ्याची. कुकर चालवायचा परवाना एकट्या पांडुरंग मांडवकराकडं. त्या कुकरचं झाकण फक्त त्याचंच ऐकायचं. पण पांडुरंगाच्या घरी गणपती बनवायचा कारखाना, आणि चतुर्थी आठ-दहा दिवसांवर. तो रजेवर निघालेला, एक पाय फाटकाबाहेर. म्हणाला, “मनोहर, दीडशे गणपती बिनडोळ्यांचे माझी वाट बघतायत. आत्ता सही घे. कुकर मी आल्यावर लावतो. पाकिटं काय पळून जातायत?” समितीची तारीख जवळ आलेली. मी दाखला टाइप केला, ‘उपरोक्त सहा वाण नियमानुसार नष्ट करण्यात आले.’ पांडुरंगानं सही केली, मी केली. नोंदवहीतही तसंच लिहिलं, सुंदर अक्षरात. पाकिटं सीलबंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. आपल्याकडं गणपतीच्या आधी असं पुष्कळ होतं. मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं.

श्रावण संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी रत्नागिरी मिरकरवाड्यावर लोटली. मीही पिशवी घेऊन हमीदाचाचीपुढं उभा. तिनं बांगडे कापताना वर न बघता विचारलं, “काय रे शिवलकर, ते कुजकं तेल फेकलंत का नाय?”

मी हसून म्हटलं, “चाची, त्याचा पहिला नंबर आला.”

तिचा कोयता थांबला. “हां? कुणी दिला? तुमच्यात नाकं कोणाला हायत काय?”

मी हसण्यावारी नेलं. घरी गेलो, बायकोनं बांगड्याचं तिखलं केलं, महिन्याभरानं माणसासारखा जेवलो. दुसऱ्या दिवशी केंद्रात गेलो तर मॅडम प्रयोगशाळेच्या पायरीवर बसलेल्या. हातात कागद. निवड झाल्यावर हुंगण्याच्या बाटल्यांतलं आठ नंबरचं सगळं तेल एकत्र करून त्यांनी ती रासायनिक चाचणी लावली होती. तेल पार खवट झालेलं होतं.

“शिवलकर, अकरा लोकांना हे आवडलं?” त्यांनी विचारलं.

मी आत जाऊन उरलेल्या तेलाची बाटली उघडली आणि नाकाशी नेली. काल रात्री पोटभर मासे खाल्लेलं नाक होतं ते. शिसारी आली हो. हमीदाचाची म्हणाली होती अगदी तसंच. तीन दिवसांचा बांगडा, बिनबर्फाचा. त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं, श्रावणासकट. बाहेर येऊन मी मॅडमना सांगितलं, की आपल्याकडं श्रावणात काय होतं, मी फॉर्मवर काय विचारलं आणि खोलीत काय झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्हणजे चौदा नंबर चांगला होता,” त्या म्हणाल्या. “आणि तो आपण मारला. तुमचीच सही आहे ना?”

मी ‘हो’ म्हटलं. सही माझीच होती.

“मी समितीला कळवते, प्रकल्प बंद करतोय म्हणून. पुन्हा सहा वर्षं कुणी देणार नाही. आईला काय सांगू ते कळत नाही.” असं म्हणून त्या उठून आत गेल्या.

किल्ली माझ्या खिशात होती. सहा वर्षांचं त्यांचं काम माझ्या मांडीला टोचत होतं आणि मी गप्प उभा होतो. का, ते स्पष्टच सांगतो. घाबरलो. पाकिटं आहेत म्हटलं, की दाखला खोटा म्हणून सांगावं लागणार. तेहतीस वर्षांची बिनडागाची वही, सात महिन्यांवर आलेला निरोप समारंभ, शाल, नारळ, ‘शिवलकरांसारखा चोख माणूस होणे नाही’ असं भाषण. सगळं डोळ्यांसमोरून गेलं. शिवाय सही एकट्याची नव्हती. पांडुरंगाची पाच वर्षं नोकरी बाकी होती. त्याला न विचारता मी त्याला कसा गोत्यात आणणार?

दुपारी स्कूटर काढली आणि पांडुरंगाच्या कारखान्यात गेलो. शेडमध्ये ओळीनं गणपती. पांडुरंग एकाच्या समोर मांडी घालून बसलेला, हातात बारीक कुंचला, डोळ्यांची आखणी चाललेली. त्या वेळी तो बोलत नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतो. मी म्हटलं, “पांडू, भानगड झालीय.” त्यानं डाव्या हातानं मला बसायची खूण केली. मी बसलो. एक डोळा झाला. दुसरा झाला. मी उठलो तर तो पुढच्या गणपतीकडं सरकला. पुन्हा खूण. असे पाच गणपती झाले. दहा डोळे माझ्याकडं रोखून बघतायत आणि माझ्या खिशात ती किल्ली! शेवटी मीच बोलायला लागलो. तो आखत होता आणि मी सांगत होतो. श्रावण, चाची, खवट तेल, मॅडम पायरीवर, सगळं.

सहावा गणपती संपला तेव्हा त्यानं कुंचला पाण्यात ठेवला. “पाकिटं हायत ना फ्रिजात?”

“आहेत. पण सांगायचं म्हणजे तुझीही सही खोटी ठरते. मेमो येईल.”

पांडुरंगानं गणपतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “मनोहर, आत्ता ह्याचे डोळे उघडले मी. ह्याच्यादेखत काय सांगू, की गप ऱ्हा म्हणून? जा, सांग जा. आणि त्या बाईला म्हणावं, कायम बोंबलत असता ना, गणपती आले की कोकणातली माणसं कामं टाकून पळतात म्हणून? पळालो म्हणून वाचलं तुमचं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम पत्र लिहून बसलेल्या होत्या. मी किल्ली टेबलावर ठेवली. उभ्यानंच सांगितलं. दाखला खोटा आहे, सही दोघांनी न शिजवताच केली, वहीतली नोंदही खोटी आहे, आणि चौदा नंबर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सीलबंद आहे.

त्या उभ्या राहिल्या. बसल्या. पुन्हा उभ्या राहिल्या. “तुम्ही खोटी सही केलीत? तुम्ही? शिवलकर?”

“हो.”

“आणि काल मी पायरीवर बसले होते तेव्हा किल्ली तुमच्या खिशात होती?”

“हो मॅडम.”

“शिवलकर, मी आधी तुम्हाला फाडून खाऊ का आधी फ्रिज उघडू?”

मी म्हटलं, “फ्रिज उघडा. मी कुठं जात नाही.”

फ्रिज उघडला. पाकिटं होती. मॅडमनी चौदा नंबरचं पाकीट दोन्ही हातांत धरलं आणि मग मला जे झापलं ते मी इथं लिहीत नाही. भंडाऱ्याकडं इतके शब्द आहेत हे मला माहीत नव्हतं.

समितीला त्यांनी खरं ते सगळं कळवलं. माझी चूक सौम्य करून लिहू लागल्या होत्या, मीच म्हटलं, तसं नको. मग मी वही उघडली. ‘नष्ट करण्यात आले’ या शब्दांवर पट्टी धरून आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘नष्ट केले नव्हते. नोंद खोटी. चूक माझी.’ सही. त्या एका रेघेला मला तेहतीस वर्षं लागली. पट्टी असूनही रेघ वाकडीच आली. गणपतीनंतर दिल्लीहून साहेब आले, दोन दिवस बसून एकेक दाणा मोजला. एकही कमी निघाला नाही. मला आणि पांडुरंगाला मेमो मिळाला. पांडुरंग म्हणाला, “एवढी वर्षं नोकरी केली, माझ्या नावानं दिल्लीहून कधी पत्र आलं नव्हतं.” मॅडमना परवानगी मिळाली, आठ नंबरऐवजी चौदा नंबर लावा म्हणून. बाकीची पाकिटं साहेबांसमोर कुकरमध्ये गेली. झाकण पांडुरंगानंच लावलं.

ऑक्टोबरात चौदा नंबर पेरला, मार्चमध्ये काढला. तेल गाळलं, बाटल्या आठ दिवस उघड्या ठेवल्या. या वेळी मॅडम म्हणाल्या, रासायनिक चाचणी नंतर, आधी चाची. दिवस योगायोगानं माझ्या नोकरीचा शेवटचा होता. निरोप समारंभ दुपारी, भाषण करणाऱ्यांना ‘चोख’ हा शब्द टाळायची सूचना दिलेली असावी, कारण प्रत्येक जण तिथं येऊन अडखळला. त्याआधी सकाळी आम्ही तिघं खोलीत. मॅडमनी एका हाताचं बोट दुसऱ्या हातात घट्ट धरलेलं. मी वही उघडून तयार.

हमीदाचाचीनं बाटली घेतली. हुंगली. हलवली, पुन्हा हुंगली. थोडं तेल तळहातावर घेऊन चोळलं आणि हात नाकाशी नेला. मग अगदी कोड्यात पडून आमच्याकडं बघितलं.

“ह्याला वासच नाय.”

“कसलाच नाही?” मॅडमनी विचारलं.

“कसलाच नाय गो. मासळीचं तेल बनवताव म्हणून सांगत व्हतात ना? कुठं हाय मासळी? पानी हाय हे नुसतं.”

मॅडम खुर्चीत बसल्या आणि रडायलाच लागल्या. पदर नाही, रुमाल नाही, पांढऱ्या कोटाची बाही डोळ्यांना लावून हमसून हमसून. चाची घाबरली. बाटली ठेवून जवळ गेली, आणि तो तेलाचा हात जपून बाजूला धरून दुसरा हात मॅडमच्या पाठीवरून फिरवायला लागली.

“अगो बाय, रडू नको अशी. एवढी शिकलेली तू. ह्या वेळी नाय जमला, पुढच्या वेळी येईल वास. मी दुवा मागेन तुझ्यासाठी. शिवलकर, बघत काय बसलास, पाणी दे पोरीला!”

मी पाणी दिलं. मग टेबलाशी येऊन माझ्या वहीतली शेवटची नोंद केली. चाची जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिलं, दुवा मागेन म्हणाली तेसुद्धा. खाली लाल पेनानं लिहिलं, ‘वगळू नये.’ सही केली आणि वही मॅडमपुढं ठेवली.